मावशी, कोथिंबीर आत्ता घालू की नंतर? स्वयंपाकातल्या सुगंधी पानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी भाची नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, तेव्हापासून संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझा फोन वाजतो. पलीकडे कढई तापलेली असते आणि प्रश्न एकच, "मावशी, हे आत्ता घालू की नंतर?" पुढे तिच्या मैत्रिणी विचारू लागल्या, मग सोसायटीतली नव्याने संसार थाटलेली मंडळी, मग टेक्सासमधला चुलतभाऊ. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. राहते पुण्यात, माहेर वेंगुर्ल्याकडचं. त्यामुळे उत्तरांत ओलं खोबरं आणि हळदीची पानं जरा जास्त डोकावतील, तेवढं चालवून घ्या.

कोणतं पान कधी घालायचं हे लक्षात कसं ठेवायचं?

पान हातात घ्या आणि बोटांत चुरडून बघा. तमालपत्रासारखं कोरडं, कढीपत्त्यासारखं चिवट किंवा गवती चहासारखं धारदार असेल तर ते आधी घालायचं. चुरडल्याबरोबर ओलं होऊन बोटांना चिकटलं, तर शेवटी. पानाचा वास म्हणजे त्यातलं तेल. जाड पानात ते आत दडलेलं असतं, बाहेर यायला त्याला गरम तेल, उकळतं पाणी किंवा वाफ लागते. कोवळ्या पानातलं तेल नुसत्या गरम वाफेनेही उडून जातं. म्हणून तमालपत्र तापल्या तेलात, कढीपत्ता मोहरीपाठोपाठ, मेथी मधे कुठेतरी, आणि पुदिना-कोथिंबीर गॅस बंद करताना.

वाटणात गेलेली कोथिंबीर याला अपवाद आहे. हिरव्या मसाल्यात ती खोबऱ्याबरोबर परतली जाते, उकळते, आणि तिचा वास बदलून वेगळाच, जरा मातकट-गोडसर होतो. तो आपल्याला हवाच असतो. पण त्या आमटीवरही ताटात वाढताना चिमूटभर ताजी भुरभुरावी लागते, कारण वाटणातल्या कोथिंबिरीला आता कोथिंबिरीचा वास उरलेला नसतो.

फोडणीत कढीपत्ता टाकला की तेल अंगावर उडतं. शिवाय पानं काळी पडतात. माझं काय चुकतंय?

पानं ओली आहेत आणि गॅस मोठा आहे. नळाखाली धुतलेली डहाळी तशीच झटकून तेलात टाकली, तर उडणार नाही तर काय होईल? कढीपत्ता आणला की लगेच धुवावा, पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावा आणि मगच डब्यात भरावा. मग ऐन फोडणीच्या वेळी धुवायची वेळ येत नाही.

आता क्रम. तेल तापलं की मोहरी. ती तडतडून शांत होत आली की जिरं, मग हिंग, आणि इथे गॅस बारीक करायचा. कढीपत्ता हातानेच दोन तुकडे करून टाकायचा, कारण फाटलेल्या कडेतून वास पटकन सुटतो. टाकताना दुसऱ्या हातात झाकण असू द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो चुरचुरतो, मग आवाज मंदावतो आणि पान काचेसारखं चकचकीत हिरवं दिसायला लागतं. तेवढंच हवं. लगेच हळद घालून भाजी किंवा डाळ वर ओतायची. चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिलीत, तर पान तपकिरी होतं आणि फोडणीला जळका वास लागतो.

ताकाच्या कढीला मी वेगळं करते. पाच-सहा पानं आलं-मिरचीबरोबर खलबत्त्यात ठेचून कढीतच घालते आणि वरून तुपाच्या फोडणीत आणखी थोडी. नावातच कढी आहे, तर तिथे हात आखडता कशाला घ्यायचा!

कढीपत्ता खायचा असतो की ताटाच्या कडेला काढून ठेवायचा?

काम झालं की बाजूला सारलेल्या माणसाला आपल्याकडे "माझा कढीपत्ता केला" म्हणायची पद्धत आहे, यावरूनच लोक काय करतात ते कळतं. पण कोवळा आणि नीट कुरकुरीत झालेला असेल तर खा की. पोह्यांत तो खमंग लागतो. जून, जाड पानं चघळत बसण्यात मात्र काही मजा नाही.

खायचाच असेल तर चटणी करा. सुकवलेली पानं दोन वाट्या, मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत भाजलेली. अर्धी वाटी तीळ, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, दोन्ही वेगवेगळं भाजून. पाच-सहा सुक्या मिरच्या, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, सुपारीएवढी चिंच, मीठ आणि कणभर साखर. सगळं गार झाल्यावरच मिक्सरला लावायचं, नाहीतर खोबऱ्याला तेल सुटून लगदा होतो. पानं चुरचुरीत नसतील तर चटणी चार दिवसांत मऊ पडते.

कढीलिंब आणि कडुलिंब एकच का?

नाही हो! गुढीला बांधतो तो कडुलिंब. कढीलिंब म्हणजे कढीपत्ता. पानांची ठेवण थोडी सारखी दिसते आणि नावं जुळतात, बस्स. कढीपत्ता हा खरं तर लिंबू-संत्र्याच्या कुळातला. बेलही त्याच कुळातला, आणि आमच्या बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, जी तिरफळं पडतात तीही तिथलीच. ती ओली असताना नखाने टोचून बघा, संत्र्याच्या सालीची आठवण येईल.

या नात्याचा पुरावा गॅलरीतही मिळतो. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी दिसलं, तर पुसायला जाऊ नका. ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि लिंबाच्या झाडावर येणाऱ्या फुलपाखराची असते. दरवर्षी पावसाळ्यात माझ्या कुंडीतलं निम्मं झाड ती फस्त करते. पूर्वी चिडायचे. आता एक डहाळी तिच्या नावाने सोडते.

अमेरिकेला जाताना बॅगेत कढीपत्ता नेला तर चालेल का?

ताजा नेऊ नका. अमेरिकेत प्रवाशांना तो आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कारण वरच्या उत्तरातलंच आहे. लिंबूवर्गीय झाडांवरचा एक बारीक किडा कढीपत्त्यावरही राहतो, आणि संत्र्यांच्या बागा मारणारा सिट्रस ग्रीनिंग नावाचा रोग तो पसरवतो. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागांची धूळधाण झाली. त्यामुळे त्यांचं काटेकोर वागणं समजण्यासारखं आहे.

चुलतभाऊ तिथल्या भारतीय दुकानातून पाकीट आणतो, पानं पुसून कोरडी करतो आणि हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकतो. गोठलेली पानं तशीच थेट तेलात जातात. फक्त ती उडतात जास्त, तेव्हा झाकण विसरायचं नाही. वाळवलेल्या पानांना रंग राहतो, वास फारसा राहत नाही. त्यापेक्षा गोठवलेली शंभरपट बरी.

कोथिंबिरीची जुडी आठवडाभर टिकवायची कशी?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि रागही यावरच जास्त निघतो. आज भाजीवर फुकट मिळणारी कोथिंबीर पावसाची झड लागली की जुडीला पन्नास-साठ रुपये खाते. बाजार समितीत तिचा लिलाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या हिशोबाने होतो. कोवळं पीक, पाऊस लागला की शेतातच सडतं, म्हणून भाव असा उड्या मारतो. स्वस्त असेल तेव्हा चार जुड्या उचलायचा मोह होतो, आणि मग तिसऱ्या दिवशी फ्रीजच्या तळाशी हिरवा चिखल.

चिखल पाण्यामुळे होतो. भाजीवाले ताजी दिसावी म्हणून पाणी मारत राहतात, आपण ती ओली जुडी दोरीसकट प्लास्टिकमध्ये बांधतो आणि मधली पानं आतल्या आत वाफारतात. म्हणून घरी आल्याबरोबर, चहाच्याही आधी, दोरी सोडा. जुडी वर्तमानपत्रावर मोकळी करा. पिवळी पानं, गवत, एखादी गोगलगाय असेल तर तीही काढा. मुळं कापून टाका. धुवू नका. अर्धा तास पसरलेली राहू द्या, म्हणजे वरवरचं पाणी निघून जातं. मग सुती कापडात किंवा किचन टॉवेलमध्ये सैल गुंडाळून डब्यात. तिसऱ्या दिवशी कापड बदला, तोपर्यंत ते दमट झालेलं असतं. माझी आठ दिवस सहज जाते, थंडीत दहा.

लागेल तेवढीच काढून धुवा. आणि धुवायची म्हणजे नळाखाली धरायची असं नाही. पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा आणि कोथिंबीर वरच्या वर उचला. पातेलं उपडं करून गाळायची नाही, नाहीतर तळाला बसलेली माती परत तिच्यावरच. पावसाळ्यात तीनदा करावं लागतं.

मुळांसकट ग्लासभर पाण्यात उभी करून ठेवायची पद्धतही चांगली आहे. पण आमच्या फ्रीजमध्ये तो ग्लास आठवड्यातून दोनदा सांडतो.

देठं टाकून द्यायची ना?

अजिबात नाही. खालची दोन बोटं जून असतात तेवढी टाका. वरच्या देठांना पानांहून वास जास्त असतो. हिरव्या वाटणात, ठेच्यात, टोमॅटोच्या सारात ती बिनदिक्कत जाऊ द्या. पानं बारीक चिरून वरून घालायला ठेवा. थायलंडमध्ये तर कोथिंबिरीची मुळंही लसूण-मिरीबरोबर कुटून वाटणात घालतात. आपण ती खुशाल कचऱ्यात टाकतो.

नवऱ्याला कोथिंबीर साबणासारखी लागते. नाटक करतो का?

नसेल करत. कोथिंबिरीच्या वासात जे अल्डिहाइड असतात, तशाच जातीचे साबणात आणि काही किड्यांच्या वासातही असतात. काही माणसांचं नाक ते जास्त तीव्रतेने टिपतं, आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ या जनुकाशी जोडला गेला आहे. वाटून काही वेळ ठेवलेली किंवा शिजलेली कोथिंबीर अशांना बरेचदा चालते. तेव्हा वाटणात घाला, वरून घालू नका. पोह्यांवर त्याच्यापुरतं ओलं खोबरं आणि कांद्याची पात. संसार मोडायचं कारण नाही.

कोथिंबीर वडी वाफवताना पचपचीत होते किंवा तळताना फुटते.

पाणी घातलंत. कोथिंबीर धुऊन पूर्ण निथळलेली हवी, तरीही मीठ लागलं की ती स्वतःच पाणी सोडते. चिरलेल्या तीन वाट्या कोथिंबिरीला सव्वा वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तीळ, ओवा, तिखट, हळद, हिंग, मीठ. आधी पीठ सोडून बाकीचं सगळं चोळून दहा मिनिटं ठेवा, मग सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढं पीठ. गोळा हाताला थोडा चिकटला पाहिजे. तेल लावलेल्या ताटलीत थापून पंधरा-वीस मिनिटं वाफवा. आणि गार होऊ द्या! पूर्ण गार! गरम असताना सुरी लावली की ती फुटणारच. मी रात्री वाफवून ठेवते आणि सकाळी कापते.

पुदिन्याची चटणी वाटताना हिरवी, जेवताना काळी. असं का?

पान चिरडलं गेलं की त्यातला एक एन्झाइम हवेशी गाठ पडून ते काळं करायला लागतो, सफरचंद चिरून ठेवल्यावर होतं तसं. त्यात मिक्सरचं भांडं फिरून फिरून तापतं आणि त्याला आणखी जोर चढतो. उपाय दोन, गारवा आणि आंबट. पाण्याऐवजी दोन-तीन बर्फाचे खडे घाला, लिंबू वरून पिळण्याऐवजी वाटतानाच घाला, आणि मिक्सर थांबून थांबून फिरवा. नुसता पुदिना वाटू नये, कडवट होतो. दोन मुठी कोथिंबिरीला एक मूठ पुदिना हे प्रमाण मला पटलं आहे. चमचाभर डाळं घातलं तर पाणी वेगळं सुटत नाही आणि सँडविचचा पाव ओला होत नाही.

पानं उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, तर तो एन्झाइमच मरतो आणि रंग पक्का राहतो. पाहुणे असतील तर करा. वास जरा कमी होतो, म्हणून घरच्यांसाठी मी करत नाही. आणि लिंबू घातलेली चटणी तीन-चार दिवसांत शेवाळी दिसायला लागते, तिथे इलाज नाही. ताजी करा.

मेथी कडू लागते. मीठ चोळून पिळायची का?

काहीजण पिळतात. मला विचाराल तर कडूपणा पिळून मेथी खायची तर पालक का नको? लसूण भरपूर, थोडा दाण्याचा कूट, चिमूटभर गूळ, आणि झाकण न ठेवता शिजवणं, एवढ्यात ती माणसात येते.

मुंबईत टोपलीत रेती चिकटलेल्या इवल्याशा जुड्या मिळतात, पांढरी देठं आणि टिकलीएवढी पानं. ती समुद्रमेथी. किनाऱ्याच्या रेतीत पेरून अगदी कोवळी असतानाच उपटतात. कडूपणा नावालाच. पण वाळू जाता जात नाही, चार पाण्यांतून काढा. मुळं कापून अख्खीच परतायची.

कसुरी मेथीचं नाव आता पाकिस्तानात असलेल्या कसूर गावावरून पडलं. आपल्याकडे राजस्थानात नागौर भागात तिचं मोठं पीक आहे. ती तव्यावर अर्धं मिनिट कोमट करायची, तळहातावर चुरायची आणि पदार्थ उतरताना घालायची. पाकिटातून थेट मूठभर घातली तर आमटीत काड्या तरंगतात.

शेपू आमच्या घरात कुणीच खात नाही. काय करू?

शेपू नुसती केली की तिचा दर्प अंगावर येतो आणि मग दिवसभर ढेकरांतून परत येतो. मुगाची डाळ भिजवून घाला, लसूण सढळ, आणि पहिल्यांदा निम्मी शेपू निम्मा पालक करा. तेही जमलं नाही तर भाजीचा नाद सोडा आणि मसाला म्हणून वापरा. दोन काड्या बारीक चिरून काकडीच्या कोशिंबिरीत, दह्याबरोबर. युरोपात ती माशावर आणि काकडीच्या लोणच्यात अशीच चिमटीने पडते. बाळंतिणीला देतात ती बाळंतशोपा हिचंच बी, हे सांगितल्यावर आमच्या शेजारीणबाईंचं मत एकदम बदललं.

गवती चहा किती वेळ उकळायचा?

दोन कपांना वीतभर लांबीच्या तीन-चार पाती, गाठ मारून. थंड पाण्यातच आल्याबरोबर टाका आणि दोन-तीन मिनिटं उकळू द्या. पाणी फिकट पिवळं झालं की चहा पावडर, मग दूध. पावडरीनंतर पात टाकली तर वास उतरेपर्यंत चहा कडू होतो. पातीतलं सिट्रल नावाचं सुगंधी द्रव्य लिंबाच्या सालीतही असतं, म्हणून लिंबाचा भास. आंबटपणा मात्र काही नाही, त्यामुळे दूध फाटायची भीती नको. पातीची कड ब्लेडसारखी असते. बेटातून उपटू नका, कात्रीने कापा. थायलंडच्या सुपात आणि करीत याच गवताचा खालचा पांढरा, कांद्यासारखा बुंधा ठेचून घालतात. त्यामुळे घरचं बेट असेल तर दोन्ही सोयी होतात.

पातोळ्यांना हळदीचंच पान का? केळीचं चालणार नाही का?

चालेल, पण मग त्या पातोळ्या लागणार नाहीत. पान म्हणजे इथे नुसतं वेष्टण असतं असं वाटतं ना? पातोळीतला निम्मा स्वाद त्या पानाचा आहे.

हळदीचा कंद जूनमध्ये कोंब काढतो आणि श्रावणापर्यंत पानं हातभर होतात. म्हणून नागपंचमीला कोकणात पातोळ्या, आणि गोव्यात ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला हाच पदार्थ. थंडीत पानं पिवळी पडून जमिनीला टेकतात, मग पुढच्या पावसापर्यंत विसरायचं.

आई करायची ते असं. तांदूळ भिजवून, अगदी कमी पाण्यात गंधासारखे वाटायचे, चवीला मीठ. चून म्हणजे ओलं खोबरं आणि गूळ, कोरडं होईपर्यंत आळवून, वेलची घालून. पान धुऊन पुसायचं. पाटावर आडवं ठेवून ओल्या बोटांनी पीठ सगळ्या पानावर पातळ सारवायचं, जाडी दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जास्त नको. मधल्या शिरेच्या एका बाजूला चुनाची ओळ, आणि शिरेवरच पान लांबीत दुमडायचं. कडा बोटाने दाबायच्या. मोदकपात्रात बारा-पंधरा मिनिटं. झाकण उघडल्यावर जो वास येतो, तो ओल्या मातीचा, आंब्याच्या कैरीचा आणि कशाकशाचा असतो, मला कधी नीट सांगता आलेला नाही. पान गरम असतानाच सोलायचं, म्हणजे त्याच्या शिरा पातोळीवर रेघा होऊन उमटलेल्या दिसतात. माझी पहिली पातोळी मी गार होऊ दिली, ती निम्मी पानालाच राहिली. ती मी चाटून खाल्ली.

पान उरलं तर मोदकांच्या चाळणीत तळाला घाला, किंवा लोणी कढवताना शेवटी तुकडा टाका. तुपाला छान वास राहतो.

ओव्याचं पान म्हणजे ओव्याचंच झाड का?

नाही. जाडसर, लव असलेली, कातरलेल्या कडेची पानं, जी आपण भज्यांना वापरतो, तो पानओवा. फोडणीतला ओवा वेगळ्या झाडाचा, कोथिंबिरीच्या कुळातला. वास मात्र दोघांचा सख्ख्या भावंडांसारखा. भजी करताना पान अख्खं ठेवा, देठ धरून सरबरीत पिठात बुडवा आणि मध्यम आचेवर तळा. पाणीदार पान असतं, मोठ्या आचेवर वरचं पीठ लाल होतं आणि आत पान कच्चं राहतं.

तमालपत्र आणि इंग्रजी पाककृतीतलं बे लीफ एकच ना?

वेगळी झाडं. आपल्या पानावर देठापासून टोकापर्यंत लांब तीन शिरा असतात, युरोपातल्या पानाला मधे एकच. आपलं झाड दालचिनीचं भावंड आहे, म्हणून वासात दालचिनी-लवंगेची झाक. त्यांच्या पानाचा वास निलगिरीकडे झुकतो. पुलावात आपलंच घाला.

तुळस आपण स्वयंपाकात का वापरत नाही? आणि बेसिल म्हणजे तुळसच का?

अंगणातल्या तुळशीची पूजा होते, नैवेद्यावर पान ठेवतो, सर्दीला काढा करतो. आमटीत ती टाकायचं मनातच येत नाही. थायलंडमध्ये मात्र हीच तुळस मूठमूठ घेऊन मिरची-लसणाबरोबर मांसात परततात, तिथे तिला काप्राव म्हणतात. माझ्या सासूबाईंना हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

पिझ्झावरचं बेसिल म्हणजे आपला सब्जा. फालुद्यात ज्याचं बी फुगतं तोच. त्याचं पान गोड वासाचं आणि मऊ. तुळशीचा वास लवंगेसारखा तिखट. पास्त्यात बेसिलऐवजी तुळस घालून बघितली आहे मी, पास्ता काढ्यासारखा लागला.

ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी घरात नसेल तर काय वापरू?

ओरेगॅनो आणि थाइम यांच्या वासात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल असतं, आणि ओव्याच्या वासातही थायमॉलच मुख्य. म्हणून ओरेगॅनो संपला असेल तर पानओव्याचं एखादं पान बारीक चिरून किंवा चिमूटभर ओवा हातावर चुरून घाला. टोमॅटोच्या सॉसमध्ये कुणाला कळत नाही. गंमत म्हणजे गजऱ्यात गुंफतो तो मरवा ओरेगॅनोचा सख्खा भाऊ आहे. युरोपात तो सूप-मांसात घालतात, आपण केसांत माळतो. फुलवाल्याकडचा स्वयंपाकात वापरू नका, त्यावर काय फवारलंय कोण जाणे.

रोझमेरीला आपल्याकडे जोड नाही. हौसेने आणली होती एकदा. कोथिंबिरीच्या सवयीने मूठभर चिरून बटाट्याच्या काचऱ्यांवर घातली. मुलगा म्हणाला, "आई, देवघरातला धूप पडला का यात?" ती एका माणसाला चार सुया, तीही तेलात आधी.

सुकं वापरायचं तर ताज्याच्या तिसरा हिस्सा, आणि लवकर घालायचं. हे ओरेगॅनो-थाइमसारख्यांना लागू.

मग सुकी कोथिंबीर?

नको.

गॅलरीत काय काय लावता येईल?

ऊन चार तास तरी असेल तर बरंच काही. पुदिना सगळ्यात सोपा. बाजारातल्या जुडीतल्या दोन जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात. त्याला वेगळी कुंडी द्या, तो शेजाऱ्याच्या मुळावर उठतो. पानओव्याची फांदी नुसती खोचली तरी जगते, पाणी जास्त झालं तरच मरते. गवती चहाला मोठी कुंडी हवी. कढीपत्ता पहिली दोन वर्षं जागचा हलत नाही. धीर धरा आणि पानं ओरबाडण्याऐवजी शेंडा खुडा, म्हणजे खालून फांद्या फुटतात. आमच्याकडे त्याला महिन्यातून एकदा आंबट ताक पाण्यात मिसळून घालतात, माझं झाड त्यावर खूश आहे.

कोथिंबीर उगवत नाही अशी तक्रार असते, कारण अख्खे धणे पेरतात. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन डाळिंब्या करा, रात्रभर भिजवा, बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर पेरा. मार्च-एप्रिलच्या उन्हात ती पानं द्यायच्या आधीच फुलोऱ्यावर येते, म्हणून दिवाळीनंतर लावलेली उत्तम. कोंब यायला आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघू नका. भाची बघते, आणि मग साडेसातला फोन करते.